बाराच्या ठोक्याला

आपल्या देवांनी जन्माच्या वेळा आपसांत व्यवस्थित वाटून घेतल्या आहेत. कृष्ण मध्यरात्री, मारुती सूर्योदयाला, दत्त दिवेलागणीला. रामाच्या वाट्याला आली ती चैत्रातली भर दुपार. कृष्णजन्माला निम्मे भक्त खांबाला टेकून पेंगत असतात, त्यामुळे जन्म दोन मिनिटं पुढेमागे झाला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. मारुतीजन्माला पहाटे मुळात माणसंच मोजकी. रामाला मात्र दीडदोनशे माणसांसमोर, सगळ्यांचे डोळे टक्क उघडे असताना, प्रत्येकाच्या मनगटावर नाहीतर खिशात घड्याळ असताना जन्मावं लागतं. तेही बाराच्या ठोक्याला.

साताऱ्यात ही गोष्ट साधी नाही. आमच्याकडे कार्यक्रमाची वेळ सांगणारा माणूसच हळूच पुढे म्हणतो, "म्हणजे तुम्ही या पाऊण तासाने." लग्नाचा मुहूर्त बारा चौतीसचा असतो आणि त्या वेळी नवरदेव दोन चौक अलीकडे बँडसमोर मित्रांच्या खांद्यावर असतो. पण आमच्या आळीतल्या राममंदिरात चैत्र शुद्ध नवमीला 'राम जरा उशिरा जन्मेल, तोवर चहा घ्या' असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. वर्षभरात आमच्या आळीत वेळेवर होणारी ही एकच गोष्ट, आणि ती वेळेवर व्हावी म्हणून जो आटापिटा चालतो तो बघण्यासारखा असतो.

सगळा भार कीर्तनकार बुवांवर. गुढीपाडव्यापासून रामाचं नवरात्र बसतं आणि रोज संध्याकाळी कीर्तन असतं. पाडव्याच्या दिवशी समोर पाचसहा जण, तेही दुपारी श्रीखंड चेपून आलेले. बुवा भक्तीचं माहात्म्य सांगत असतात आणि श्रोते अर्धोन्मीलित नेत्रांनी समाधीच्या पहिल्या पायरीवर असतात. अष्टमीपर्यंत हेच. नवमीला सकाळी दहाला मात्र मंडपात पाय ठेवायला जागा नसते. बुवा पागोटं सारखं करतात, उपरणं खोचतात, झांजा हातात घेतात, पेटीवाल्याकडे पाहतात आणि सगळ्यात शेवटी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतात. एरवी आख्यान संपेपर्यंत वेळ असतो. नवमीला वेळ संपेपर्यंत आख्यान पुरवावं लागतं.

सकाळी सातपासून कर्ण्यावर गीतरामायण लागलेलं असतं. ते १ एप्रिल १९५५ रोजी, म्हणजे त्या सालच्या रामनवमीलाच, पुणे आकाशवाणीवर सुरू झालं आणि वर्षाहून थोडा जास्त काळ दर आठवड्याला एक अशी माडगूळकर-फडक्यांची छप्पन्न गाणी झाली. आमचा कर्णेवाला त्यातली निवडक लावतो, आणि निवड त्याची स्वतःची असते. त्यामुळे दहा वाजेपर्यंत राम जन्मून, लग्न करून, वनवास भोगून, रावणाला मारून, सीतेला सोडून मोकळा झालेला असतो. मग कर्णा बंद होतो आणि पुत्र नाही म्हणून दशरथ पुन्हा पहिल्यापासून झुरायला लागतो.

नारदीय कीर्तनाचे दोन भाग. पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन निरूपण करायचं, उत्तररंगात आख्यान. पूर्वरंग ब्रह्म आणि माया यांना दिलेला असल्याने तेवढ्या वेळात बायकांच्या फुलवाती वळून होतात. या दोन्हींच्या मध्ये बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, आणि ही फट विश्वस्त मंडळाच्या बरोबर लक्षात आलेली आहे.

"मी आपला फार वेळ घेणार नाही," असं म्हणून विश्वस्त ध्वनिक्षेपक हातात घेतात तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झालेली असतात. मग देणग्या. एक हजार एक, पाचशे एक, एकशे एक, एक्कावन्न. नळदुरुस्तीचा खर्च. गाभाऱ्याच्या फरशीचा संकल्प. मंडपातले पंखे ज्यांनी दिले त्यांचे आभार. त्या पंख्यांच्या पात्यांवर 'तीर्थरूपांच्या स्मरणार्थ' असं लाल अक्षरांत लिहिलेलं आहे, आणि वीज गेली की चैत्रातल्या त्या उकाड्यात तीर्थरूपांचं स्मरण सगळ्यांनाच होतं. बुवा गळ्यात झेंडूचा हार आणि कपाळावर बुक्का घेऊन उभे. दशरथाला अजून मूल नाही आणि हातात पस्तीसच मिनिटं उरली आहेत.

अशा वेळी बुवांचं कसब दिसतं. एका वर्षी आभारप्रदर्शन इतकं लांबलं की उत्तररंगाला फक्त बावीस मिनिटं मिळाली. बुवांनी दशरथाची तीन लग्नं तीन वाक्यांत उरकली. राजा शिकारीला निघाला, शरयूच्या काठावर आला, पाण्यात घागर बुडाल्याचा आवाज झाला, राजाने बाण लावला आणि बुवांची नजर घड्याळावर गेली. पुढच्या वाक्यात राजा पुत्रकामेष्टीला बसलेला होता! त्या वर्षी श्रावणबाळ पाणी घेऊन सुखरूप घरी गेला असला पाहिजे. पुढच्या रांगेतल्या आजींनी शेजारणीला विचारलं, "मारलं का त्याला?" शेजारीण म्हणाली, "वेळ कुठाय?"

उलटही होतं. विश्वस्तांचा घसा बसलेला असेल तर बुवांच्या हातात वेळ उरतो. त्यासाठी त्यांच्याकडे साठा आहे. पहिला कैकेयीचा पायस. ती रुसून बसते, तिच्या हातातला पायस घार उचलून नेते आणि तो तिकडे अंजनीच्या ओंजळीत पडतो. ही घार बुवा हवी तितकी उडवू शकतात. मी तिला एकदा सात मिनिटं आकाशात पाहिलेली आहे. दुसरा साठा डोहाळ्यांचा. आणि अगदीच नड पडली तर समर्थ. रामदासस्वामींचा जन्म १६०८ सालचा, जालना जिल्ह्यातल्या जांबचा, तोही रामनवमीचा, आणि परंपरा सांगते की तोही माध्यान्हीचाच. समर्थांनी कीर्तनकारांवर केलेला हा फार मोठा उपकार आहे. बारा वाजायला चार मिनिटं असली की बुवा जांबला जातात, तिथून टाकळी, तिथून चाफळ, तिथला समर्थांनी घालून दिलेला रामनवमीचा उत्सव, आणि अकरा एकोणसाठला अयोध्येत परत. आमच्या इथून सज्जनगड पंधरासोळा किलोमीटरवर, त्यामुळे समर्थ मध्येच आले तर कुणाला वावगं वाटत नाही. घरचंच माणूस.

आता बारा म्हणजे कुणाचे बारा, हा प्रश्न. मंदिरातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे, कारण पुजाऱ्यांना एसटी गाठायची असते. विश्वस्तांचं मनगटी घड्याळ सासऱ्यांनी दिलेलं, म्हणून ते चुकत नाही असं तेच म्हणतात. मोबाईल आल्यापासून सगळ्यांची वेळ सेकंदासकट एकच झाली, तेव्हा हा वाद मिटायला हरकत नव्हती. पण आमच्या आळीत भूगोलाचे निवृत्त सर राहतात.

सर दरवर्षी पावणेबाराला उभे राहतात. "बुवा, सावकाश! अजून पन्नास मिनिटं आहेत," असं म्हणतात. त्यांचं गणित चोख आहे. भारताची प्रमाणवेळ धरली आहे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर. सातारा आहे चौऱ्याहत्तरावर. फरक साडेआठ अंशांचा, अंशाला चार मिनिटं, म्हणजे चौतीस. शिवाय या दिवसांत सूर्यमहाराज घड्याळाच्या दोनचार मिनिटं मागे चालतात. म्हणजे साताऱ्याच्या डोक्यावर सूर्य येतो तो साडेबारा उलटून गेल्यावर. मंदिरात बारा वाजता होतो तो सरांच्या मते अपुऱ्या दिवसांचा जन्म. पुष्टीला ते मुंबईला आणतात. देशाने १९०६ साली प्रमाणवेळ घेतली तरी मुंबईने आपली एकोणचाळीस मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. "मुंबईला स्वाभिमान होता," असं म्हणून सर खाली बसतात.

बरीच वर्षं याला उत्तर नव्हतं. मग आळीतला एक मुलगा इंजिनियर झाला आणि सुट्टीत घरी आला असताना भर मंडपात म्हणाला, "पण सर, राम साताऱ्यात कुठं जन्मला? अयोध्येत जन्मला. अयोध्या ब्याऐंशीच्या थोडी पुढंच आहे. तिथं घड्याळात बारा वाजले की डोक्यावर सूर्य असतो, फार तर पाचएक मिनिटांचा फरक." मंडपात शांतता पसरली. सरांनी खिशातून पेन्सिल काढली, पावतीपुस्तकाच्या पाठीमागे आकडेमोड केली आणि पोराकडे असं पाहिलं की दहावीला याला भूगोलात जास्त मार्क द्यायला हवे होते. तेव्हापासून आमच्या मंदिरात राम अधिकृतपणे अयोध्येच्या वेळेने जन्मतो. कधीच न ठरवता आम्ही शंभर वर्षं बरोबर वागत आलो होतो, याचा विश्वस्तांना इतका आनंद झाला की त्यांनी त्यावरही दोन शब्द बोलून घेतले.

जन्मासाठी बाळ लागतं. गाभाऱ्यातले राम, लक्ष्मण, सीता हे चांगले अडीच फुटी, संगमरवरी आणि जागचे न हलणारे. म्हणून पाळण्यात ठेवतात नारळ. त्याला कुंची घालायची. आमची कुंची जांभळ्या खणाची आहे, कडेला जरीची पट्टी, गळ्याशी नाडी. आळीतल्या माईंनी शिवलेली. नारळ निवडणं हे माईंचं खातं. सोललेला, पण शेंडी राखलेला. शेंडी कुंचीच्या टोकात बरोबर बसली पाहिजे, म्हणजे डोकं उभट दिसत नाही. शेंडीखालचे तीन डोळे उघडे पडू द्यायचे नाहीत, कारण लहान मुलं घाबरतात. गालाच्या अंदाजाने काजळाची तीट. मग बायका येऊन बघून जातात आणि नारळासमोर उभं राहून अत्यंत गांभीर्याने बोलतात. "यंदा जरा रोड वाटतोय." "गेल्या साली कसा अंगानं भरलेला होता." एकीने तर "रंग मात्र दशरथाचा घेतलाय" असंही सांगितलं.

तर एका वर्षी अकरा बावन्नला नगरसेवक आले. रामनवमीला त्यांना पाच राममंदिरं करायची असतात आणि सगळीकडे जन्म बाराचाच, त्यामुळे ते एकाही ठिकाणी जन्माला सापडत नाहीत. आधी येऊन जातात नाहीतर नंतर. विश्वस्तांनी कीर्तनातच त्यांना पुढे बोलावलं आणि शाल-श्रीफळ आणायला एका पोराला पिटाळलं. शाल होती. श्रीफळ पाळण्याशेजारच्या चांदीच्या तबकात होतं. नाडी तुटली म्हणून माई कुंची घेऊन दुसरी नाडी ओवायला खिडकीपाशी गेल्या होत्या, आणि कुंचीवाचून बाळात आणि श्रीफळात फरक करण्याइतकी त्या पोराची नजर तयार नव्हती. नगरसेवकांनी शाल घेतली, श्रीफळ घेतलं, हात जोडले आणि ते गेले.

माई वळल्या. त्यांनी तबक पाहिलं. "अगं बाई, बाळ नेलं!"

बुवांनी हे ओट्यावरून सगळं पाहिलं होतं. त्यांनी तबलजीला खूण केली आणि कौसल्येला डोहाळे लागले. मंडपातून दोन पोरं मोटारसायकलवर सुटली. कौसल्येला आंबट खावंसं वाटलं. मग तिला वनात जावंसं वाटलं, धनुष्य हातात घ्यावंसं वाटलं, राक्षसांचा निःपात करावासा वाटला. पोरांनी कोपऱ्यावरच गाडी अडवली. आता पंचाईत अशी की नगरसेवक आमच्याकडे येण्याआधी दोन राममंदिरं करून आले होते, आणि मागच्या सीटवर तीन शाली आणि तीन नारळ शेजारी शेजारी पहुडले होते. "यातलं आमचं कुठलं?" असं पोरांनी विचारलं. नगरसेवकांनी कुठलाही प्रश्न ज्या पद्धतीने सोडवायचा त्याच पद्धतीने सोडवला. "तिन्ही न्या," म्हणाले.

अकरा एकोणसाठला तीन नारळ मंडपात आले. काजळाची तीट कशावरच नव्हती. बहुधा शालीला पुसली गेली. माईंनी एकेक हातात घेऊन, वजन बघून, कानाशी हलवून मधला उचलला. "हाच!" त्यांना कसं कळलं हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. कुंची चढली, नाडी बसली, बाळ पाळण्यात गेलं. बुवांनी कौसल्येला रानातून परत आणलं. उरलेले दोन नारळ लक्ष्मण आणि भरत समजावेत की दुसऱ्या मंदिरांना परत पाठवावेत, यावर मागच्या रांगेत कुजबुज चालू होती.

जन्माच्या ऐन क्षणाआधी एक धोका असतोच. पावणेबारापासून सगळ्यांच्या मुठीत फुलं आणि गुलाल दिलेला असतो. चैत्रातल्या घामात पंधरा मिनिटं मूठ आवळून बसलं की शेवंतीच्या पाकळ्या आणि गुलाल यांचा एकजीव लगदा होतो. तो टाकायची घाई झालेली असते. त्यात मराठी माणसाचा हात लग्नात तयार झालेला. एकाने उडवली की सगळ्यांनी उडवायची. बुवा नुसतं "राजवाड्यात आनंद झाला" म्हणाले तरी एखादं पोर फुलं फेकतं, त्याच्या मागोमाग त्याची आई, आई पाहून शेजारीण, आणि अकरा सत्तावन्नला अर्धा मंडप रिकामा होऊन बसतो. मग बारा वाजता जन्म होतो तेव्हा ही मंडळी खालची फुलं वेचून पुन्हा उधळतात.

आणि होतो जन्म. घंटा, शंख, झांजा, तबलजीची राहून गेलेली सगळी हौस. पुजाऱ्यांच्या टकलावर गुलाल. बायका पाळण्याच्या दोरीला हात लावायला पुढे सरकतात, दोरी एक आणि हात चाळीस. पाळणा म्हणायला सुरुवात होते आणि पहिल्या कडव्यानंतर शब्द फक्त माईंना येतात. बाकीचे धृपदाला जोर लावतात. दोन तास घड्याळाकडे बघणारे बुवा आता भिंतीला टेकून घाम पुसत असतात. त्यांचं काम झालेलं असतं, आणि त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

लक्ष असतं सुंठवड्याकडे. सुंठ, किसून भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, खारकेची पूड, वेलदोडा, पिठीसाखर. चैत्रातल्या बाराच्या उन्हात सुंठ कशासाठी, असं बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं. पण बाळंतिणीला दुसरं काय देणार? प्रसूती झाली कौसल्येची, खुराक मात्र अख्खी आळी खाते. निवृत्त तलाठी, बँकेतले साहेब, जिममध्ये जाणारा त्यांचा मुलगा, सगळे ओल्या बाळंतिणीच्या श्रद्धेने हात पुढे करून उभे. ज्यांना साखर आहे ते "सुंठ म्हणजे औषधच" असं म्हणून दोनदा घेतात. हा प्रसाद कोरडा, पिठासारखा. तळहातावर पडला की वरून तीर्थरूपांच्या स्मरणार्थ वारा येतो आणि निम्मा शेजाऱ्याच्या सदऱ्यावर जातो. उरलेला तोंडात टाकताना श्वास आत घ्यायचा नसतो. हे माहीत असूनही दरवर्षी कुणीतरी घेतं. मग पाळण्याचं तिसरं कडवं आणि पंधरावीस जणांचा ठसका एका लयीत चालतात, आणि तबलजी सवयीने समेवर थाप देतो.

दुसऱ्या दिवशी दशमीला हिशोबाची सभा असते. हिशोब दहा मिनिटांत होतो, कारण शिल्लक काही नसते. मग विषय निघतो पौर्णिमेच्या मारुतीजन्माचा. यंदा विश्वस्त म्हणाले, "त्याला काही प्रश्न नाही. सूर्योदयाला जन्म. पंचांगात वेळ दिलीय, सहा वीसच्या आसपास."

सरांनी पेन्सिल काढली. "राम अयोध्येच्या वेळेने जन्मला, ते मान्य. मग मारुती कुठला?"

हे प्रकरण नाजूक. नाशिकजवळचं अंजनेरी म्हणतं आमच्याकडे, हंपीजवळचा अंजनाद्री म्हणतो आमच्याकडे, आणि तिरुमलाही म्हणतं की आमच्याच डोंगरावर. नाशिकला २०२२ साली या विषयावर साधुमंडळींची सभा भरली होती, ती निर्णयाऐवजी हमरीतुमरीवर आली. अंजनेरी आणि हंपी यांच्या सूर्योदयात आठदहा मिनिटांचा फरक. शिवाय, सर म्हणाले, आपल्या पूर्वेला जरंड्याचा डोंगर. खुद्द मारुतीचं ठाणं त्याच्यावर. सूर्य पंचांगात उगवला तरी आपल्याला डोंगर चढून आल्यावरच दिसणार. म्हणजे चार वेळा झाल्या.

सभेला अकरा जण होते आणि त्यांतले पहाटे उठून येणारे चार. बुवा म्हणाले, "मी पाचला उभा राहतो. तुम्ही 'झाला' म्हणाल तेव्हा थांबतो. घार यंदा भरपूर विश्रांती घेऊन बसलीय." शेवटी ठराव झाला की सरांनी सहा वाजता मंदिराच्या गच्चीवर उभं राहावं आणि सूर्य दिसल्याबरोबर खाली हाक द्यावी, ती हाक हीच जन्मवेळ. सरांनी ठरावाला मान्यता दिली आणि विचारलं, "गच्चीवर चहा मिळेल का?"

तो कुणी करायचा, यावर पुढचा पाऊण तास गेला.